आजवरचे आमदार आणि सुमनताई

४ जून
वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मतदारसंघाच्या आजवरच्या आमदारांची यादी मी करायची, असं सेक्रेटरींनी परस्पर ठरवून टाकलं. निवृत्त मास्तर म्हणजे फुकटचा कारकून. सगळे पुरुषच. इतक्या वर्षांत जिंकण्याच्या जवळ गेलेली बाई एकच, सुमनताई, अपक्ष. पडल्या. मतांचा फरक इतका थोडा की तेवढी माणसं एका टमटममध्ये मावतील.
आकडा वाचला आणि जेवण गेलं नाही.

५ जून
लिहूनच टाकतो. त्या निवडणुकीत सु.ताईंच्या माहेरच्या गावी केंद्राध्यक्ष मीच होतो. तिशीतला, नियमाचा किडा. तेव्हा ओळखपत्रं नव्हती. बायका ट्रॉली भरून आल्या. यादीत चार लक्ष्मीबाई, तीन चांगुणा. म्हटलं, नवऱ्याचं नाव सांगा. नवऱ्याचं नाव कोण घेतंय! तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघत राहिल्या. शेजारणीनं सांगितलं तर मी खेकसलो, जिचं मत तिनंच नाव सांगायचं. आणि एकेकीला परत पाठवलं. बाकी केंद्रांवर एवढं कुणी ताणलं नसेल.
किती गेल्या? आठ? वीस? आठवत नाही, आणि तेच खातंय.

७ जून
मंडईत एका बाईनं धुळीमुळे तोंडाला पदर लावला. मी वांग्याची पिशवी तिथंच टाकून घरी. सूनबाईंनी विचारलं, काय होतंय. काही नाही म्हटलं.

९ जून
सु.ताईंकडे गेलो, माहिती घ्यायला म्हणून. इथं सोलापुरातच भाचीकडे असतात. ऐंशी पार, आवाज तसाच खणखणीत. कडक भाकरी, शेंगाचटणी पुढे केली. म्हणाल्या, सगळीकडं मतं पडली, माहेरच्या बायकांनीच दगा दिला. निकालापासून त्या गावात पाऊल ठेवलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही.
तिथंच सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो, तर चटणी छान झालीय. लाज वाटते स्वतःची.

१२ जून
सु.ताईंच्या माहेरच्या गावी गेलो. मोहोळपर्यंत एसटी, पुढं टमटम. यादीतल्या तीन चांगुणांपैकी एक चांगुणाबाई अजून आहेत. मला ओळखलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.
"गुरुजी, मालकाचं नाव म्या पैल्यांदा घेतलं ते त्यांच्या मयताच्या दाखल्याला. तवा मातर घ्यावंच लागलं की."
मग सु.ताईंची चौकशी. "सुमी बरी हाय न्हवं? आईच्या मातीला बी आली न्हाय. तिला म्हनावं, आमी आलो हुतो."
किती जणी परत गेल्या, हे विचारायलाच गेलो होतो. हिंमत झाली नाही. चहा पिऊन उठलो.

१५ जून
सेक्रेटरींना म्हटलं, सु.ताईंवर अर्धं पान लिहितो. म्हणाले, फक्त निवडून आलेले घ्यायचे. शिवाय फेररचनेत ते गाव दुसऱ्या मतदारसंघात गेलं, आता आपलं नाही, कशाला उकरताय?
त्यांचं बरं आहे. गाव तिकडं गेलं, बायका माझ्याकडेच राहिल्या. पूजेला बसलो तरी दारात रांग दिसते. सगळ्यांच्या तोंडाला पदर. मी सांगत सुटलोय, जा बायांनो, आत जा, शिक्का मारा. जात नाहीत.

१८ जून
यादी दिली. नावं बरोबर, सालं बरोबर. सेक्रेटरी खूष. 

१९ जून
सु.ताईंचाच फोन. यादी झाली का? झाली म्हटलं, पण तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, उद्या येतो.
"या की गुरुजी. जेवायलाच या. फक्त माझ्या माहेरचा विषय काढू नका."
बरं, म्हणालो. तोंडातून तेवढंच निघालं.