विमल मंगल नावाची फाईल

ठाणे,
१४ जुलै २००२

ती. शकूआत्या हिस,
पारूचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले आणि ठाण्याच्या वसतिगृहात रुळलेही. इस्पितळ मुंबईत, तिथे रोज लोकलने जाते. खोलीत आम्ही चौघी आहोत. माझ्या शेजारच्या खाटेवर किन्हवलीची हर्षाली आहे. तू दिलेल्या भाकऱ्या मी तीन दिवस पुरवून खाणार होते, तर दुसऱ्याच दिवशी हिने त्यातल्या अर्ध्या संपवल्या आणि वर तुझ्या हाताला चव आहे म्हणून कळवायला सांगितलं. ते कळवलं.

निघताना तू विचारलं होतंस की, नर्स नाही, डॉक्टर नाही, मग मुंबईच्या एवढ्या मोठ्या इस्पितळात तू करणार काय. आता सांगते. इस्पितळाचे कागद सांभाळायचा हा कोर्स आहे. पेशंट घरी गेला की त्याचे सगळे केसपेपर आमच्याकडे येतात. ते आम्ही क्रमाने लावतो, कुठे डॉक्टरची सही राहिली असेल तर मागे लागून घेतो, आजाराचा नंबर जाड पुस्तकातून शोधून वर घालतो आणि फाईल कपाटात ठेवतो. गंमत म्हणजे फाईल नावावर लावत नाहीत, नंबरावर लावतात, तेही शेवटचे दोन आकडे आधी बघून. पहिले आठ दिवस मी उलटंच लावत होते. आमच्या कोरगावकर मॅडम रागावत नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघतात. ते जास्त लागतं.

फॉर्म भरताना आमच्या वर्गातल्या पाच जणांची जन्मतारीख एक जून निघाली. सगळे आमच्यासारखेच वाड्यापाड्यांवरचे. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिली ती तारीख. मॅडमना हसू आलं, मग त्या गंभीर झाल्या. बाळंतपणाचे कागद इथे पुष्कळ वर्षं ठेवतात, असं त्या म्हणाल्या. आत्या, माझ्या जन्माच्या वेळी आई मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेली, एवढंच मला ठाऊक आहे. तो दवाखाना हाच का? कोणतं साल, काय नाव सांगितलं होतंत, आठवेल तेवढं लिही.

बाबांना नमस्कार. तुझी माया लांबूनही पुरते आहे, अशीच राहू दे.

तुझी,
पारू


वैशाखरे,
५ ऑगस्ट २००२

चि. पारू हिस,
आत्याचे अ. आ.

तुजा कागद पोचला. मी दोनदा वाचला न तुज्या बापाला येकदा वाचून दाखवला. आवणी उरकली. औंदा मजूर नाय मिळाले, पण वाडीतल्या बायांनी येकमेकींची हातं धरून लावणी केली. तुजी शेरडी व्याली, दोन पिल्लं झाली. येक पांढरं हाय, ते नुसतं माझ्या मागं फिरतं.

त्या हर्षालीला सांग, दिवाळीला तुज्यासंगती ये, भाकरी मोजून नाय देणार.

बाकी तू जुनं काय इचारलंस, ते मला आता नीट आठवत नाय. अठरा वर्सं झाली. मेल्या माणसाचं कागद उकरून काय व्हतंय गो. तू तुजा अभ्यास कर. एक जून काय वाईट तारीख हाय काय, शाळेला चालली, नोकरीलाबी चालंल.

पावसात भिजू नको. जीव लावून ऱ्हा, आमी हावोतच.

तुजी,
शकूआत्या


ठाणे,
२४ नोव्हेंबर २००२

ती. शकूआत्या हिस,
सा. न. वि. वि.

दिवाळीला चार दिवस घरी होते, तरी तोंडाने विचारायचा धीर झाला नाही. चुलीपुढे विषय काढला की तू उठून गोठ्यात जायचीस. म्हणून लिहिते. कागदावर तरी तू उठून जाणार नाहीस.

इस्पितळात एक यादी लागली आहे. सन पंच्याऐंशीपर्यंतच्या बाळंतपणाच्या फायली मार्चअखेर नष्ट करणार आहेत. जागा पुरत नाही, नियमच आहे. मी कोरगावकर मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या किल्ली देतील आणि शोध म्हणतील. त्यांनी मला बसवलं आणि समजावलं, की आपल्या घरच्या माणसाची फाईल आपण हात घालून काढायची नाही, विद्यार्थ्याने तर नाहीच. पेशंटने जे सांगितलं ते विश्वासाने सांगितलेलं असतं. लेक म्हणून रीतसर अर्ज कर, शोधतील ते दुसरे शोधतील. मला आधी वाईट वाटलं, पण पटलं. ज्या खोलीत लाखभर माणसांचं दुखणं ठेवलं आहे, तिथे मन मानेल तसं वागून कसं चालेल?

अर्ज लिहून तयार आहे. त्यात आईचं तिथे सांगितलेलं नाव, महिना आणि साल घालायचं आहे. ते तुझ्याशिवाय कोण सांगेल? बाबांना विचारलं, ते म्हणाले, तुझ्या आत्याला ठाऊक.

आत्या, तुला त्रास द्यायचा नाही. पण मार्चनंतर विचारूनही उपयोग नाही. आईचा एक फोटोसुद्धा आपल्याकडे नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझी,
पारू


वैशाखरे,
१५ डिसेंबर २००२

चि. पारू हिस,
आत्याचे अ. आ.

रागावले नाय. भ्याले व्हते. आता सांगते, मंग तू काय समजायचं ते समज.

तू व्हायच्या आधी वरीसभर मी सासर सोडून म्हायेरी आलेली. मला मूल नाय म्हणून त्यांनी दुसरी आणली. वाडीत कोन बोलायचं, कोन नाय. भिमी, तुजी आई, माझ्याहून ल्हान, मी तिला नावानंच हाक मारायची. ती मला शकूबाय म्हणायची. तिनं मला कवा परकी केली नाय.

पित्रांचा पंधरवडा व्हता. भिमीला आठवा लागलेला न सकाळीच अंगावर रगत जायला लागलं. मुरबाडला नेली, तिथनं जीपनं मुंबईला धाडली, तू शिकतेस त्याच दवाखान्यात. तुजा बाप रगताला माणसं आणायला मागं ऱ्हायला, संगती मी एकली. मुंबईचा डाक्टर माझ्याशी भरभर बोलला. मला त्यातलं अर्धं कळलं. येक कागद पुढं केला न अंगठा मागितला. मला वाचता येत नव्हतं. मी दिला.

दोन दिवसांनी भिमी गेली. तुजा बाप आला न मला येवढंच म्हणाला, “अंगठा कशाला दिलास?” पुन्ना त्यावर कवा बोलला नाय. पण मी ते रोज ऐकलं. पारू, त्या कागदावर काय लिवलं व्हतं ते मला आजपत्तर ठाऊक नाय. मी तुज्या आईच्या मरणावर अंगठा दिला का काय, हे ठाऊक नाय. वाडीत साक्षरतेचा वर्ग निघाला तवा मी पयली जाऊन बसले. बाया हसल्या, हिला आता काय मामलेदार व्हायचं हाय. मला कागदावर काय लिवलंय ते वाचल्याबिगर कुठं अंगठा द्यायचा नव्हता, बस.

नाव भिमी वाळू मेंगाळ असं सांगितलं. साल चौऱ्याऐंशी. टेबलावरच्या माणसानं काय लिवलं देव जाणे, मी रडत व्हते.

आता काढ फाईल. वाईट निघालं तरी मला कळव. लपवू नको.

तुजी,
शकूआत्या


ठाणे,
२ मार्च २००३

ती. शकूआत्या हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग अर्ज दिला. सोबत कागदांच्या नकला आहेत, आणि त्यांचं मराठी मी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. आधी पत्र वाच, मग ते.

आईची फाईल जवळजवळ सापडणारच नव्हती. भिमी मेंगाळ नावाची बाई वर्षभराच्या रजिस्टरात कुठेच नाही. क्लार्कने दोनदा बघितलं आणि हात टेकले. मॅडम मला म्हणाल्या, तू नाव शोधू नकोस, गाव शोध, एवढं तुला करता येईल. म्हणून त्यांच्या समोर बसून मी सप्टेंबर महिन्याचं पान न् पान वाचलं. एका ओळीत लिहिलं होतं: विमल मंगल, वय बावीस, वैशाखरे, तालुका मुरबाड. आत्या, तू रडत रडत भिमी मेंगाळ म्हणालीस आणि त्याने विमल मंगल ऐकलं. वैशाखरे मात्र बरोबर लिहिलं, म्हणून त्या अनोळखी माणसाचे मी पाय धरीन. त्या ओळीतल्या नंबरावरून क्लार्कने पाच मिनिटांत फाईल आणून दिली. मॅडमनी मला त्यांच्या टेबलाशी बसवलं, चहा मागवला आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

आता तुझ्या कागदाचं सांगते. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर होती. म्हणून रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरने लिहिलं आहे, की ऑपरेशन केलं नाही तर आई आणि मूल दोघंही जातील. केलं तरी आईचा भरवसा नाही. पेशंटच्या नणंदेला हे सांगितलं, दुसरं कुणी सोबत नाही. खाली तुझा अंगठा आहे. दुपारी तीन वाजता मी जन्मले. बावीस सप्टेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी. आईचं रक्त गोठणंच बंद झालं होतं, त्यावर त्यांच्याकडे जे होतं ते सगळं त्यांनी दिलं. त्यात एक बाटली तुझ्या रक्ताची आहे. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी मॅडमना दोनदा विचारलं, की अंगठा दिला नसता तर? त्या म्हणाल्या, तर हा प्रश्न विचारायला तू नसतीस.

दुसरी फाईल माझी आहे. तिच्यावर नावच नाही, नुसतं विमल मंगलचं बाळ. वजन चौदाशे वीस ग्रॅम. आत, एका सिस्टरने रोज सकाळी माझं वजन लिहिलं आहे, निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात. तेराशे पन्नासपर्यंत उतरलं, मग दहा दहा ग्रॅमनी चढत गेलं. आणि रोज एक ओळ: आत्या जवळ आहे, दुसऱ्या बाळंतिणींचं दूध मागून आणते, वाटीचमच्याने दर दोन तासांनी पाजते. एकतीस दिवस तीच ओळ, आत्या. एकोणिसाव्या दिवशी तिने शेवटी लिहिलं आहे, की आत्याला ताप आहे, तरी घरी जायला तयार नाही. त्या सिस्टरचं नाव कुठे नाही, नुसती दोन अक्षरांची सही. तिने लिहून ठेवलं नसतं तर हे मला कुणी सांगितलं असतं? तू तर सांगणार नव्हतीस. आणि त्या दूध देणाऱ्या बायांची तर सहीसुद्धा नाही.

एक विचारायचं राहिलं. तेवीस तारखेला सकाळी आईच्या कागदावर लहानशी नोंद आहे: शुद्धीवर आली, बाळ दाखवलं. पुढे काही नाही. तुला त्यातलं काही आठवतं का?

एप्रिलमध्ये परीक्षा. शहापूरला रेकॉर्डचं काम येणाऱ्या माणसाची गरज आहे म्हणतात, तिथे अर्ज करणार आहे. मिळालं तर पेशंटचं नाव मी दोनदा विचारून लिहीन.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. पत्रात ठेवता येत नाही, म्हणून शिमग्याला येऊन ठेवीन.

तुझी,
पारू


वैशाखरे,
१० मार्च २००३

चि. पारू हिस,
आत्याचे लई लई आशीर्वाद.

कागद आले. पयल्या दिवशी मी पाकीट नुसतं मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी वाचलं, बोट ठेवून येकेक शब्द. मंग तुज्या बापाला अंगणात बसवलं न सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. तो इळा पाजळत व्हता, त्याचा हात थांबला. दोघंही गेली असती, हे मला पुन्ना वाचाय लावलं. मंग म्हणाला, “शके, मी तवा बोलायला नको व्हतं.” मी म्हणले, तुजी बायको गेली व्हती, तू काय शुद्धीवर व्हतास. त्यानं उठून मला पाणी आणून दिलं. आजवर मीच त्याला देत आले. मी ते सगळं प्याले.

शहापूरची नोकरी तुला मिळू दे. तुज्या मॅडमला माझा नमस्कार सांग न तांदळाच्या पापड्या धाडते त्या दे. त्या बाया कोन कुठल्या, मलाबी ठाऊक नाय. येक भय्यीण व्हती, येक मुसलमान बाय, येक कोकणातली. कोनी नाय म्हणलं नाय.

आता ते तेवीस तारखेचं. मला आठवतंय. येवढी वर्सं सांगितलं नाय, कारण ते सांगायचं तर आधी अंगठ्याचं सांगाय लागलं असतं. न मला वाटायचं, ते ऐकून घ्यायची माझी लायकी नाय.

सकाळी भिमीनं डोळं उघडलं. सिस्टरनं तुला फडक्यात आणून तिच्या गालाशी धरली. तिला हात उचलता येत नव्हता. तिनं तुजा वास घेतला न इचारलं, काय हाय. मी म्हणले, पोरगी. मला वाटलं, वाईट वाटंल तिला. ती हसली. माझ्याकडं बघून म्हणाली,

“बरं झालं. शकूबाय एकली व्हती, तिला सोबत झाली.”

येवढंच. मंग डोळं मिटलं. फाईलीत हे घालता येत असंल तर घाल, नसंल तर तुज्यापाशी ठेव.

शिमग्याला ये. वाट बघते.

तुजी,
शकूआत्या