आधी तुमची बाजू

३ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू मुख्य विषय तत्त्वज्ञान घेतलास, हे आत्याकडून कळलं. मला सांगायची हिंमत झाली नाही वाटतं. अगं, आपल्या कारखान्यात दिवसभर घाम गाळला की संध्याकाळी निदान एक खुर्ची उभी राहते. तू तीन वर्षांनी काय उभं करणार? महिनाअखेरपर्यंत विषय बदलता येतो म्हणे. बदल आणि कळव.

इकडे तुझा काका यंत्राची करवत आणायचं खूळ घेऊन बसलाय. मी नाही म्हटलं, तेव्हापासून एकाच छपराखाली तोंडं फिरवून रंधा मारतोय. तब्येतीला जप.

तुझे बाबा

१० जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न.

पत्र वाचून रडू आलं, मग राग आला, मग भूक लागली. जेवून लिहायला बसले. आमच्या बाईंचा नियम आहे: समोरच्याची बाजू आधी अशी मांडायची, की त्यानं स्वतः मान डोलावली पाहिजे. तोवर उत्तर द्यायचं नाही. म्हणून आधी तुमची बाजू.

आई गेल्यावर तुम्ही मला एकट्यानं वाढवलंत. तुमच्यामागे मी कुणापुढे हात पसरू नये, एवढंच तुम्हाला हवंय. ही भीती तोंडातून निघत नाही, म्हणून खुर्चीचं बोलता. चुकलं असेल तर खोडा.

आता माझी. पहिला निबंध मी जिंकायच्या थाटात लिहिला. बाईंनी शेरा मारला, की मी ज्याला हरवलं तो माणूस तसं बोललाच नव्हता. तेव्हापासून ऐकायला शिकतेय. नोकरी कसली मिळेल, ठाऊक नाही. कामाला लाजणार नाही, हे नक्की. विषय मात्र राहू द्या.

राग गेला की माया पाठवा.

तुमची भिंगरी

२२ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खोडायला कानावरची पेन्सिल काढली, ती तशीच परत ठेवली. ती भीती मी आत्यालाही कधी सांगितली नव्हती.

मग म्हटलं, आपणही करून बघू. काकाला त्याची बाजू सांगितली, की तुला कष्ट नकोत. त्यानं मान हलवली, पण आडवी. जास्त मिळकत हवी म्हटलं, तरी आडवीच. तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. खांदा दुखतोय आणि सांगायची लाज वाटतेय, एवढं म्हटलं. रंधा खाली ठेवून त्यानं मान डोलावली. करवत आणतोय. ती कुठे ठेवायची, यावरून आता वाजतंय.

गिऱ्हाईकं विचारतात, तत्त्वज्ञान शिकून मुलगी काय करणार. मी छाती फुगवून सांगतो, की तिनं बसल्या जागेवरून दोन भावांना बोलतं केलं. काका तर शेजारच्या कुलूपवाल्यालाही ऐकवून आलाय.

आता तुझी बाजू. तुझं म्हणणं, पोटाचं मी बघेन, पण आधी माणूस ऐकायला शिकू द्या, ते जन्मभर पुरेल. हे मला पटलं. विषय बदलू नकोस.

बाजू नीट मांडली असेल तर मान डोलाव, आणि तसं लिहून कळव. इथून दिसत नाही.

माया आहेच, तुझ्या प्रश्नांसारखी वाढत राहो.

तुझे बाबा