वडगावातलं पाणी

आप्पा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी निपाणीला आले होते. तुम्ही दिलेल्या इंजेक्शनानं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका म्हातारीचा दंड पिकला. दवाखाना तसाच उघडा टाकून तुम्ही मला घेऊन तिच्या घरी गेलात. उंबऱ्याबाहेर चपला काढून म्हणालात, ‘‘आक्का, माझ्या हातनं चुकलं.’’ ती म्हणाली, ‘‘व्हय, चुकलंच की. लई दुखतंय बघा. बसा, पाणी घ्या.’’ परतताना मी विचारलं, कबूल कशाला करायचं? भर रस्त्यात तुम्ही ओरडलात, ‘‘कबूल केल्याशिवाय त्यांच्या घरचं पाणी पिऊ नकोस कधी!’’

तुमचं बरं होतं, दंडावर निभावलं. माझ्या चुकीनं बाई गेली. वडगावातल्या विणकराची बायको, दोन मुलींची आई. एक इंजेक्शन तिला चालत नाही, असं तिच्या माहेरच्या गावातल्या सिस्टरनं चिठ्ठीवर कन्नडमध्ये लिहून दिलं होतं. मला कन्नड घडाघडा बोलता येतं, वाचता येत नाही. ती अक्षरं शिकायचीच नाहीत, हा सीमाभागातल्या मराठी माणसाचा ताठा आपल्याच घरातला. शेजारी नर्स उभी होती, पण तिला ‘वाचून दाखव’ म्हणायला मला कमीपणा वाटला. चिठ्ठी मी फाइलखाली सरकवली आणि नेमकं तेच इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी नर्सनं ती आपणहून वाचून दाखवली, तेव्हा फार उशीर झाला होता.

हॉस्पिटलचे वकील म्हणाले, ‘‘मॅडम, वाईट वाटतंय म्हणा, चुकलं म्हणू नका. उद्या कोर्टात तीच तुमची कबुली म्हणून पुढं येईल. विमा कंपनीही हात वर करेल.’’ माणूस वाईट नाही. माफी मागणाऱ्या डॉक्टरला पाठीशी घालणारा कायदा आपल्याकडं नाही, एवढंच तो सांगत होता.

तरी परवा मी वडगावला गेले. शेजारपाजारचे माग खडखडत होते, त्यांचा बंद होता. तिच्या नवऱ्यानं खुर्ची पुसून दिली, पाण्याचं भांडं पुढं केलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, मीच तिला उशिरा आणली काय हो?’’

मी म्हणाले, ‘‘आम्ही खूप प्रयत्न केले.’’

‘‘व्हय, तुम्ही होता म्हणून येवढं तरी झालं.’’

मला तहान नव्हती. तरी मी भांडं रिकामं केलं.

आता तो जन्मभर स्वतःलाच दोष देणार आणि मी देऊ देणार. मला माझी लाज वाटते, पण उद्या पुन्हा गेले तरी मी तेच बोलेन. हे पत्र कपाटात राहील. कुणाच्या हाती लागलं तर, म्हणून यातसुद्धा मी तिचं नाव लिहिलेलं नाही.