खालची पट्टी

प्रिय होतूदादा,

तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या शोकबैठकीला सतरंजी अर्धी रिकामी राहिली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसलो. रविवारी तुमच्या बाराव्याला मुलाला वारसाची पगडी बांधायची आहे. त्या दिवशीही असंच झालं तर?

उल्हासनगरात कोण गेलं ते तुमच्या चॅनलवर कळायचं. तुम्ही गेलात, ते कुठे दिसणार होतं? मुलाने मोबाइलवर फोटो पाठवला म्हणे. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे तसले मोबाइल आहेत का, दादा?

आठवतं, आपल्या केबलची सुरुवात कशी होती? तुमच्या कापडाच्या दुकानावरची खोली, एक व्हीसीआर आणि शेजारच्या दोन-चार बिल्डिंगांत वायर. "सातवी शिकलास ना, गणपत? मग तूच आपला चीफ इंजिनीअर," म्हणून मला गच्चीवर चढवलंत. वारा सुटला की मला वाटायचं, वायर तुटून कुणाच्या गळ्यात पडणार. तुम्ही खाली उभे राहून हसायचात.

नव्वदीत डिश आली, वायर अंबरनाथला पोचली आणि तुमच्या डोक्यात स्वतःचं चॅनल शिरलं. संध्याकाळी गावच्या बातम्या, साड्यांच्या, फर्निचरच्या जाहिराती. बदलापुरात बेलवलीच्या केबलवाल्याकडे बातम्यांची कॅसेट रिक्षाने जायची. रिक्षा वाटेत बंद पडेल म्हणून मी इकडे घामाघूम. बदलापूरला आपल्या बातम्या शिळ्या पोचायच्या, पण कुणी कधी तक्रार केली नाही.

आणि पापडवाल्या मोहिनीकाकी गेल्या ती संध्याकाळ! पडद्यावर काकींचा हार घातलेला फोटो, बैठकीची वेळ, आणि खाली सेलची पट्टी सरकतेय: घाई करा, माल संपत आला. पट्टीचं मशीन वेगळं, फोटोचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला काय ठाऊक?

तुम्ही चपला घातल्या, मला उठवलंत आणि थेट त्यांच्या घरी जाऊन हात जोडलेत. मला वाटलं, आता मार बसणार. काकींची सून म्हणाली, "दादा, सासूबाई असत्या तर हसल्या असत्या. पण आमचे सासरे सारखे विचारतायत, काय संपत आलं?"

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. गेलेल्या माणसाचा फोटो फुकट दाखवायचा आणि तो पडद्यावर असेपर्यंत पट्टी बंद. दुकानदार कुरकुरले. सगळ्यात जास्त मीच तुमच्या मागे लागलो, जाहिराती जातील म्हणून. तुम्ही म्हणालात, "अरे बाबा, पट्टी परत येईल. काकी येणार आहे काय?"

मग मात्र लोक त्या वेळेला टीव्हीचा आवाज वाढवायचे. जेवणाचे हात धुवायच्या आधी बैठकीची वेळ पाठ करायचे. पगडीला मांडव अपुरे पडायचे, ते तुमच्यामुळे.

एक राग आहे, सांगू? सेट टॉप बॉक्स आले, चॅनल बंद केलंत, तेव्हा लोकांचा साधा निरोपही घेतला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "जिवंत माणसाचा फोटो लावतात काय?" आता लावायची वेळ आली, तर पडदा कुठे आहे?

म्हणून मीच निघतोय. गुडघा दुखतो. अर्ध्या बिल्डिंगा पाडल्यात. पालेगावात टॉवर झालेत, वॉचमन आत सोडेल का? दार उघडणारा मला ओळखेल का? रात्रभर हेच डोक्यात.

तरी शब्द देतो, दादा. जिथे जिथे आपली वायर होती, तिथे तिथे रविवारच्या आत जाऊन दार वाजवीन. तुमचा फोटो समोर धरीन, पगडीची वेळ सांगीन. माझी बडबड तुम्हाला माहीत आहे. पण फोटो हातात असेपर्यंत मी दुसरं काहीही बोलणार नाही.

तुमचा,
गणपत वायरवाला