मायच्या लुगड्याची पिशवी

१९ नोव्हेंबर १९७४, मदुराई

स. ७ ला पोचलो. वाशीम सोडून तिसरा दिवस. धर्मशाळेत अठरा जणांत दोन खोल्या. अंघोळ, इडली, मंदिर. दु. झोपलो. पाय सुजले आहेत.

पिशवी उशाशी आहे. गाडीत इंगोले गुरुजींच्या सौ.नी लाडवांचा डबा तिच्यावरच ठेवला. आत काय म्हणून विचारलं, मी म्हटलं कपडे. मायच्या अस्थी आहेत म्हटलं असतं तर डब्यातलं कुणी खाल्लं नसतं. आता सांगायची वेळही गेली.

सायं. सहल आखणारे इंगोले गुरुजीच. म्हणाले, परतीच्या गाडीआधी दोनच दिवस आहेत. रामेश्वर तरी होईल, नाहीतर केरळच्या डोंगरातलं जंगल, तिथं नदीवर बोटीतून हत्ती दाखवतात. हात वर करा. कुणीतरी म्हणालं, रामेश्वरला काय, म्हातारपणी येऊच.

मी हात वर केला. बोटीसाठी.

माझा धरून दहा झाले. तिकडे आठ.

२० नोव्हेंबर, बसमध्ये

घाट. सौ. इंगोलेंना उलट्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चहाचे मळे.

काल हात का वर गेला ते लिहून ठेवतो. पाचवीला भूगोल शिकवून बारा वर्षं झाली. बारमाही हिरवं जंगल, मोठ्या नद्या, फळ्यावर हत्ती. पाहिलेलं यातलं काहीच नाही. पाहावं वाटलं. दुसरं कारण नाही.

एकट्यानं रामेश्वरची गाडी धरता आली असती. भाषा येत नाही, वगैरे मनाशी म्हटलं. खरं ते वरचंच.

माय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. बाकी अस्थी पैनगंगेत सोडल्या, एक मूठ समुद्रासाठी ठेवली. ती हयात असताना दर उन्हाळ्यात विचारायची, "समुद्र म्हंजे किती मोठा असते रे बापू? आपल्या गावाएवढा असंन?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी नेतो. सहा-सात उन्हाळे तेच म्हटलं.

दादानं त्या दिवसापासून गोड सोडलं आहे. माय समुद्रात जाईपर्यंत गूळसुद्धा नाही. चहा बिनगुळाचा पितो.

२१ नोव्हेंबर

स. ७ ची बोट. पिशवी घेऊन मागच्या बाकावर बसलो. रात्रीच ठरवलं होतं. नदी शेवटी समुद्रालाच मिळते, हे मीच तर शिकवतो. मागून हळूच सोडू, कुणाला कळायचं नाही.

धरणाचं पाणी चढून जुनं जंगल बुडालेलं. झाडांचे काळे बुंधे अजून पाण्यात उभे, प्रत्येकावर पाणकावळा पंख पसरून. दोन्ही काठांना इतकं दाट की आत अंधार. बांबूच्या तराफ्यावर दोघं जाळं ओढत होते. त्यांच्या झोपड्या वर झाडीत. आपल्याकडच्यासारखाच चुलीचा धूर. एक बाई काठावर भांडी घासत होती, तिनं हात केला. मीही केला. पिशवी त्याच हातात होती.

मग गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात पुढून सगळे ओरडले, हत्ती.

सात-आठ होते. एक पिल्लू चिखलात घसरायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा घसरायचं. शेवटी त्याच्या मायनं सोंडेनं मागून ढकललं, ते थेट वर जाऊन तोंडावर आपटलं. सगळी बोट हसली. बोटवाला बसा बसा म्हणून हातवारे करत होता, बोट एका अंगाला कलली होती, कुणी बसेना. मीही उभा होतो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. माय गेल्यापासून इतका हसलो नव्हतो. इंगोले गुरुजी पाठीवर थाप मारून म्हणाले, "गुरुजी, तुमाले हसता येते हे आजच समजलं."

नंतर रानगवे, माकडं, एक मोठा पक्षी. सगळं पाहिलं.

धक्का आला, उतरलो. बसमध्ये बसल्यावर मांडीवर पाहिलं. गाठ अर्धी सुटलेली.

विसरलो होतो. तासभर माय आठवलीच नाही.

२३ नोव्हेंबर, गाडीत

कृष्णा गेली. पाहत बसलो.

२४ नोव्हेंबर

गोदावरीच्या पुलावर लोकांनी नाणी टाकली, हात जोडले. माझा हात पिशवीपर्यंत गेला. पण तिनं समुद्र म्हटलं होतं. आणि गाडीच्या खिडकीतून टाकायची म्हणजे...

सौ. इंगोलेंनी उरलेला चिवडा सगळ्यांना वाटला. मीही घेतला.

२५ नोव्हेंबर, शेलूबाजार

दु. वाशीमला उतरलो. मंडळींचा निरोप घेतला. स्टेशनबाहेर दुकानातून मिठाची पुडी घेतली. दादानं समुद्राच्या पाण्यासाठी औषधाची रिकामी बाटली दिली होती, घट्ट बुचाची. नळावर भरली. थोडं मीठ घातलं, चाखलं, आणखी घातलं.



शाळेच्या गावी खोलीवर आलो. नेलेल्या अस्थी परत घरात आणत नाहीत. पिशवी खोलीमागच्या निंबाला उंच टांगली.

२७ नोव्हेंबर, गावी

गावाच्या पाटीजवळच टाळ घेऊन माणसं उभी होती. मला वाटलं दुसऱ्या कुणासाठी. दादानं मला न कळवता यात्रेचं मावंदं ठरवलं होतं, गावजेवणासकट. यात्रा करून आला म्हणून मला पाटावर बसवलं. दादानं परात घेतली आणि माझे पाय धुतले. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी पाय ओढून घेतले, तर त्यानं घोटे धरून ठेवले.

"आज तू लहान नाहीस बापू. मायले पोचवून आला तू."

नंतर बाकीचे पाया पडले. पलीकडचे म्हातारे काका काठी बाजूला ठेवून वाकले. मी उठलो असतो. उठलो नाही.

मग दादानं विचारलं, "झालं नं समदं नीट?"

"झालं."

एवढंच बोललो. तेवढं पुरलं.

बाटली मागितली, दिली. त्यानं पळीत पाणी घेतलं, बोट बुडवून जिभेला लावलं. सगळे त्याच्याकडे पाहत होते. म्हणाला, "खारट हाय." आणि रडायला लागला. माय गेली तेव्हा तो रडला नव्हता. मग घरोघरच्या माणसांना एकेक पळी दिली. कुणी डोळ्यांना लावलं, कुणी प्यायलं. माझ्याही हातावर दिलं. प्यायलो.

वहिनीनं गुळाचा शिरा केला होता. दादानं तीन महिन्यांनी पहिला गोड घास घेतला तो माझ्यासमोर. म्हणाला, गूळ यंदाचा चांगला निघाला. मला दोनदा वाढायला लावलं.

नंतर अंगणात सगळ्यांनी समुद्र कसा आहे ते विचारलं. दिसायला निळा, आवाज मोठा, पलीकडचा काठ दिसत नाही, असं पुस्तकातलं सांगितलं. एकानं विचारलं, गुरुजी, तिथं जनावरं कोणती? मी हत्तीचं पिल्लू सांगितलं. ते चिखलाचं, सोंडेनं ढकलल्याचं. खूप हसले. समुद्रावर हत्ती कसे, हे कुणी विचारलं नाही.

२८ नोव्हेंबर

सकाळी निघताना वहिनीनं भाकरी बांधून दिल्या. म्हणाली, "भाऊजी, ती पिशवी कुठी हाय? माईच्या लुगड्याचे काठ लावून शिवली होती म्या. तिची तेवढीच खूण राह्यली."

म्हटलं, खोलीवर आहे.

"धून आणजा. घाई नाई."

दादा बैल सोडत होता. त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, दादा, एक सांगायचं होतं. तो म्हणाला, सांग. मी म्हटलं, बाटलीतलं उरलेलं पाणी जपून ठेव. तो म्हणाला, देवाजवळ ठेवलं हाय.

२ डिसेंबर, शेलूबाजार

शाळा सुरू. पाचवीला नद्या होत्या. धडा पुढे ढकलला, गणित घेतलं.

हेडमास्तरांना रजेचं विचारलं. म्हणाले, आत्ता तर जाऊन आलात गुरुजी. उन्हाळ्याशिवाय जमणार नाही म्हणाले.

पिशवी वाऱ्यानं हलते. खिडकीतून दिसते.

२ डिसेंबर

कार्ड आणलं. दादास सा. नमस्कार, एवढं लिहिलं. पुढे लिहिलं की मी रामेश्वरला गेलो नाही. गावात पत्र आलं की पोस्टमन चावडीवर मोठ्यानं वाचतो, दादाला वाचता येत नाही. ते वाक्य तसंच आहे. खोडलं नाही. कार्ड वहीत ठेवलं आहे.

स्वतः जाऊन सांगायचं तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. शाळेचं मागच्या वर्षीचं दप्तर लिहून पूर्ण करायचं आहे, पण ते होईल.

सायं. निंबाखाली जाऊन आलो. पिशवी खाली घेऊन गाठ पुन्हा घट्ट बांधली, परत टांगली.

चूल पेटवली. खिचडी टाकली. डब्यात मीठ नव्हतं. प्रवासाच्या थैलीत वाशीमची पुडी सापडली, तळाशी थोडं उरलं होतं. तेच घातलं. जेवलो. भांडं घासून पालथं घातलं.