दोन बोटं पाणी

९ नोव्हें.
इंदूरहून धारला, घरी, प्लाय आला. चार शीट, सहा मिमी. पोर्चमधून सौ.ची स्कूटर हलवली, त्यावरून सकाळचा चहा बुडाला. कैलास सुतार शीट उतरवताना म्हणाला, "भिया, धार में समंदर कब आ रहा है?" हसलो. होडी बांधून ती निसरपूरला, धरणाच्या पाण्यात न्यायची आहे, हे त्याला सांगितलं नाही. सौ.लाही नाही. रिटायर माणसाचं खूळ, असंच वाटू दे तिला.

१७ नोव्हें.
फळ्या तांब्याच्या तारेनं शिवतोय. भोकं पाडा, तार ओवा, पिळा, मग सांध्यांत राळ. बोटांची चाळण झाली. मोटर नकोच, शिडाचीच हवी. बुडालेल्या घरांवरून फटफट करत जाणं माझ्याच्यानं होणार नाही.
तिथला नाववाला नेईल, म्हणा. पण त्यानं विचारलं, किसके यहाँ जाना है, तर?

१९ नोव्हें.
लिहूनच टाकतो. नोकरीत माझं काम हेच. धरणाचं पाणी कुठवर चढेल ते दुर्बिणीतून मोजायचं, घराघरावर लाल रेघ मारायची. निसरपूरच्या पुढे कमलाबाईचं घर. रेघ ओट्याखाली आली. ती म्हणाली, "साब, इससे ऊपर तो नहीं आएगा?" मी म्हणालो, "नहीं आएगा, बाई." तिनं चहा केला होता, तो थंड होत होता. दुसऱ्यांदा मोजलं नाही.
पाणी छपरावरून गेलं. ती कुठे गेली ते मी कोणाला विचारलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काय.

२८ नोव्हें.
होडी रंगवून झाली. मी एकटा बसलो की पाणी जिथवर येईल तिथे लाल रेघ. गणित तीनदा केलं. एक माणूस चढला की दोन बोटं पाणी वर, उतरला की दोन बोटं खाली.
रेघ एका दमात सरळ मारली. सवय.

३० नोव्हें.
हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. परत आलो तर सौ. म्हणाली, "एक बाई येऊन गेल्या. निमाडातल्या वाटल्या, नदीकडच्या. होडीला टेकून बसल्या होत्या. कुंकू लावलं. पाणी देत होते तर म्हणाल्या, पानी नहीं चाहिए."
"आणखी?"
"रेघेवर बोट ठेवून विचारत होत्या, इससे ऊपर तो नहीं आएगा? मी म्हटलं, आमचे हे चुकत नाहीत कधी."


१ डिसें.
होडीजवळची फरशी ओली. बसलेल्या माणसाएवढीच. होडी कोरडी ठणठणीत, नळ बंद. पुसली. दुपारी पुन्हा ओली.
निसरपूरवाल्यांना दिलेल्या नव्या वस्तीतल्या मास्तरांना फोन केला. म्हणाले, "कमलाबाई? उनको निकलते तो किसी ने देखा नहीं."
सौ.ला सगळं सांगितलं. "इतकी वर्षं सोबत काढली आणि हे आज सांगताय?" मग उठून नारळ, तांदूळ, खण काढला. "तिची ओटी भरायची राहिली. होडीत ठेवा. मी पण येते."

१४ डिसें. निसरपूर
डांबरी रस्ता जिथे सरळ पाण्यात जातो तिथे टेम्पो थांबवला. सौ. काठावर. वारा बेताचा. पाण्यात लाट नाही.
होडीत बसलो. वाकून पाहिलं. पाणी रेघेच्या दोन बोटं वर.
आत पाणी शिरलं असेल म्हणून तळ चाचपला. कोरडा. ओटी पुढच्या फळीवर तशीच.
उतरलो. दोर हातात धरून पुन्हा पाहिलं. मी काठावर, होडी रिकामी, आणि पाणी बरोबर रेघेवर. एका माणसाच्या.
की माझी रेघच पुन्हा चुकली? दगडावर बसून हे लिहितोय.
सौ. आत्ताच विचारत होती, "बरोबर आहे ना हो रेघ?"
या वेळी हो म्हणालो नाही. म्हटलं, माहीत नाही, तिच्या घरापर्यंत जाऊन बघतो.
शीड चढवायचं आहे. मागच्या बाजूला बसेन, पुढची जागा मोकळी ठेवून.