भाऊजींच्या मक्यावरचा करपा

११ नोव्हेंबर

सापडला! धाकट्या दिराच्या मक्यावर करपा. बांधावरूनच दिसला – अगदी खालच्या पानांवर, लांबट राखाडी डाग, बोटाएवढे. त्याला अजून पत्ता नाही. मी सांगणार नाही.

१२ नोव्हेंबर

पुन्हा बघून आले. करपाच.

गेल्या वर्षी हाच रोग त्याच्या रानातून माझ्या मक्यावर आला. "भाऊजी, जुनी धसकटं नांगरून गाडा, रोग त्यांच्यातच तग धरतो," असं तीनदा सांगितलं होतं. तर म्हणे, "वहिनी, तुमची पुस्तकातली शेती!" चारचौघांत हसला. माझा मका अवेळी वाळला, गाईंसाठी मुरवायच्या खड्ड्यात नीट दाबला गेला नाही, सगळ्या मुरघासाला बुरशी. तोच खाऊन माझी मोरी गाय गाभडली. ते वासरू मी स्वतः पुरलं. शेजारी राहून हा फिरकलासुद्धा नाही.

१३ नोव्हेंबर

यंदा मी मका लावलाच नाही. हरभरा. एक हंगाम मका दिसला नाही की रानातला रोग उपाशी मरतो. गाईंच्या चाऱ्याचं यांना विचारलं, तर म्हणाले, "मुरघासाची सोय झाली आहे. तू नको बघूस." बरं.

१७ नोव्हेंबर

आला. हातात पान, दारातच उभा. "वहिनी, जरा बघता का? तुम्ही शेतकी कॉलेजात शिकलेल्या. यंदा हा मका साधायलाच हवा."

यंदा बरं माझं कॉलेज आठवलं!

तुरा यायला दोन आठवडे आहेत. आत्ता औषध फवारलं तर पीक वाचेल. मी चष्मा लावला, पान उलटंसुलटं केलं. म्हटलं, "धुळीनं पानं भाजली आहेत. रोज संध्याकाळी वरून पाण्याचे तुषार सोडा. धुऊन निघतील."

रात्रभर ओली पानं – करप्याला आणखी काय हवं?

"उपकार झाले, वहिनी," म्हणाला. मी मान हलवली.

१८ नोव्हेंबर

तुषार सुरू.

२६ नोव्हेंबर

डाग मधल्या पानांवर चढले. जाऊ कुंपणापलीकडून म्हणाली, "ताई, रोज पाणी देतोय, तरी वाढतंच आहे हो." "धीर धर," म्हटलं. मला कोणी म्हटलं होतं का?

२ डिसेंबर

तुरे डोकावले. आता फवारूनही फारसं हाती लागायचं नाही. झाली फिटंफाट.

३ डिसेंबर

गुरांचे डॉक्टर मोरीला तपासून गेले. "पाचवा महिना. वासरू ठणठणीत. पण बाई, बुरशीचा घास पुन्हा नको हं." म्हटलं, "ते मला शिकवू नका."

५ डिसेंबर

जाऊ आली होती. बसायच्या आधीच रडायला लागली. "ताई, ह्यांनी सांगू नको म्हटलं होतं. तो सगळा मका तुमच्याच खड्ड्यासाठी लावला होता. मोरीचं तसं झाल्यापासून ह्यांना तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. थोरल्या भाऊजींना तेवढं ठाऊक होतं. आता तुमच्या गाईंनी काय खायचं?"

तिला पाणी दिलं.

संध्याकाळ झाली. तुषार सुरू झाल्याचं इथे ऐकू येतं आहे. बंद करायला जाते. तिथे काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.